वळणातील बैठक, स्पोर्ट्‌स मोटरसायकलवरील

वळणातील बैठक : स्पोर्ट्‌स मोटरसायकल वळणातून नेताना स्वाराने सीट, टाकी, पेग (पाय ठेवण्याची खुंटी) आणि हँडल यांच्याशी शरीराचा संबंध कसा ठेवावा, याचे तंत्र. शर्यतीच्या छायाचित्रांमुळे गुडघा जमिनीला टेकवणे म्हणजेच हे तंत्र, असा समज पसरला आहे. प्रत्यक्षात त्याचा गाभा मांड्या आणि पोटात आहे. शरीराचा भार पायांनी पेलला तर हात मोकळे राहतात, आणि वळणात वाटणारा विश्वास बराचसा या मोकळ्या हातांतून येतो.

वळणात गाडी किती कलेल हे वेग आणि वळणाची त्रिज्या ठरवतात. गाडी जड की हलकी, याने फरक पडत नाही. ५० मीटर त्रिज्येचे वळण ताशी ६० किमी.ने घेतले तर कल सुमारे ३० अंश येतो. तेच वळण ताशी ८० किमी.ने घेतले की तो ४५ अंशांवर जातो. वेग एक-तृतीयांशाने वाढला, कल मात्र दीडपट झाला. ‘थोडंच तर जास्त होतं’ म्हणणाऱ्यांची फसगत इथे होते. शिवाय टायरला रुंदी असल्याने कलताना त्याचा जमिनीला टेकणारा भाग आतल्या बाजूला सरकतो, त्यामुळे खरा कल या हिशेबापेक्षा काही अंशांनी जास्तच असतो.

स्वार वळणाच्या आतल्या बाजूला सरकला की गाडी व स्वार यांचा एकत्रित गुरुत्वमध्यही आत जातो आणि त्याच वेगाला गाडी थोडी कमी कलवावी लागते. १८० किग्रॅ. गाडी, पोशाखासह ७५ किग्रॅ. स्वार आणि त्याचा गुरुत्वमध्य १० सेंमी. आत गेला असे धरले, तर एकत्रित गुरुत्वमध्य सुमारे ३ सेंमी. सरकतो, तो जमिनीपासून ६० सेंमी. उंच असेल तर जवळजवळ ३ अंश वाचतात. आकडा किरकोळ दिसतो. पण पेग घासू लागला असेल, टायरची कड संपत आली असेल, तेव्हा एवढ्यावरच सारे अवलंबून असते.

१९६०च्या दशकातले माइक हेलवुड, जाकोमो आगोस्तिनी यांच्यासारखे विजेते गाडीच्या रेषेतच, गुडघे टाकीला लावून बसत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फिनलंडचा यार्नो सारिनेन सीटवरून आत सरकून वळणे घेऊ लागला. मातीच्या ट्रॅकवर तयार झालेल्या अमेरिकन केनी रॉबर्ट्‌सने १९७८मध्ये ५०० सीसी गटाचे विश्वविजेतेपद मिळवले, आणि गुडघा टेकवण्याची शैली सर्वमान्य झाली. याच दशकात गुळगुळीत, जास्त पकडीचे स्लिक टायर आले. टायरने साथ दिली नसती तर ही शैली रुजली नसती. आज मोटोजीपी या सर्वोच्च शर्यतमालिकेत कल ६० अंशांपलीकडे जातो आणि मार्क मार्केझसारख्यांचे कोपरही जमिनीला लागते. व्हॅलेंटिनो रोसीने ब्रेक लावताना आतला पाय पेगवरून सोडून लोंबता ठेवण्याची पद्धत रूढ केली. तिचा नेमका फायदा काय, यावर तज्ज्ञांचे अजून एकमत नाही.

बैठकीची तयारी गाडी सरळ असतानाच होते. तळव्याऐवजी चवडा पेगवर, अर्धे ढुंगण सीटबाहेर, बाहेरचा गुडघा टाकीच्या खाचेत दाबलेला. हा बाहेरचा पायच स्वाराला गाडीशी जखडून ठेवतो. मग छाती खाली, हनुवटी आतल्या आरशाच्या दिशेने आणि आतले कोपर वाकलेले. ऐन वळणात सरकायला गेले की हँडल ओढले जाते व गाडी हलते. सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे कंबर आत आणि डोके-खांदे टाकीवर किंवा थेट बाहेरच्या बाजूला. फोटोत गुडघा बाहेर दिसतो, पण गुरुत्वमध्य होता तिथेच राहतो. बैठक जमली की नाही, हे वळणात असताना कोपरे हलकेच फडफडवून कळते. ती फडफडत नसतील तर भार हातांवर आहे.

सरकल्याने गाडी वळते, हा मात्र गैरसमज. गाडी वळते ती हँडलने : उजवीकडे जायचे तर उजवे हँडल पुढे दाबायचे. कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलचे संस्थापक आणि ‘अ ट्विस्ट ऑफ द रिस्ट’ या पुस्तकाचे लेखक कीथ कोड यांनी हे पटवून देण्यासाठी एका गाडीच्या सांगाड्याला न वळणारे जादा हँडल बसवले. ते धरून शरीर कितीही झुकवले तरी गाडी मनाजोगती वळत नाही. थ्रॉटलबाबत (वेग वाढवण्याची मूठ) त्यांचा आग्रह असा की, वळणाची दिशा पक्की होताच तो हळूहळू, न थांबता उघडत जावा. त्यामुळे अंदाजे ६० टक्के भार मागच्या टायरवर जातो. वळणात शिरल्यावरही ब्रेक अलगद धरून ठेवण्याचा दुसरा संप्रदायही आहे आणि आजच्या शर्यतींत त्याचेच वर्चस्व आहे.

घाबरलेला स्वार तीन गोष्टी हमखास करतो : थ्रॉटल एकदम सोडतो, हँडल आवळतो आणि ज्या खड्ड्याला भितो त्याच्याकडेच बघत राहतो. तिन्हींनी गाडी वळणाबाहेर जाते. यावर धाडस वाढवणे हा उपाय नव्हे. वेग कमी ठेवून नजर वळणाच्या शेवटाकडे नेण्याचा सराव करावा, आणि एका खेपेला एकच गोष्ट सुधारावी. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टैचा ट्रॅक, कोइम्बतूरचा कारी आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट (येथे सप्टेंबर २०२३मध्ये मोटोजीपी झाली) ही अशा सरावाची भारतातील ठिकाणे होत. चाकणला तयार होणाऱ्या केटीएम आरसीसारख्या गाड्यांनी खाली वाकवणारे क्लिप-ऑन हँडल मध्यम ऐपतीच्या तरुणांपर्यंत आणले. शिकण्याची सोय त्या मानाने मागेच राहिली, म्हणून सराव ताम्हिणी किंवा आंबोलीच्या घाटात होतो.

घाटात संपूर्ण बैठक लागू पडत नाही. ट्रकमधून सांडलेले डिझेल, कडेची खडी, पावसाळ्यातले शेवाळ आणि वळणाआडून येणारी एसटी यांच्यासाठी पकड आणि जागा दोन्ही राखून ठेवावी लागतात. कंबर सीटवरच ठेवून फक्त डोके आणि खांदे आत नेणे पुरते. उजव्या वळणावर मधल्या पट्ट्याजवळून जाणाऱ्या स्वाराची चाके आपल्या बाजूला असली तरी डोके समोरून येणाऱ्यांच्या बाजूला जाते, म्हणून तिथे गाडी डावीकडेच हवी. टायरच्या कडेला न झिजलेली पट्टी उरली की मित्रमंडळी चिडवतात. पण ताठ किंवा बाहेर झुकून बसणाऱ्याला त्याच वेगाला गाडी जास्त कलवावी लागते, म्हणून त्याची पट्टी आधी नाहीशी होते. नीट बसणाऱ्याची रुंद राहते.