अनुकूल व्यापाराचे कोडे

दर महिन्याच्या मध्यास दिल्लीचे वाणिज्य मंत्रालय मागील महिन्याच्या आयात-निर्यातीचे आकडे प्रसिद्ध करते. आयात निर्यातीहून किती अधिक झाली आणि ही तूट गेल्या महिन्यापेक्षा वाढली की घटली, एवढेच बहुतेक वाचक पाहतात. निर्यात अधिक असली की व्यापार ‘अनुकूल’ आणि आयात अधिक असली की ‘प्रतिकूल’, अशी अर्थशास्त्राची जुनी परिभाषा आहे. त्या शब्दांतच निवाडा होऊन जातो. परंतु ज्या काळात हिंदुस्थानचा व्यापार वर्षानुवर्षे अनुकूल होता, तो काळ या देशाच्या सुबत्तेचा मुळीच नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापूस, ताग, अफू, तांदूळ, गहू, तेलबिया आणि चहा यांनी भरलेली जहाजे मुंबई-कलकत्त्याच्या बंदरांतून सतत बाहेर पडत होती. बाहेरून येणारा माल, सोने-चांदी धरूनही, किमतीने त्याहून कमी भरे. सरकारी अहवालांत ही वाढती निर्यात प्रगतीची खूण म्हणून मांडली जाई. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खन आणि मद्रास इलाख्यांत भीषण दुष्काळ पडला, लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. तरीही गहू परदेशी जातच राहिला आणि व्यापार अनुकूलच राहिला.

हे कोडे ज्यांनी हाती घेतले ते दादाभाई नौरोजी मूळचे गणिताचे प्राध्यापक. १८५५ साली ते व्यापारानिमित्त लंडनला गेले आणि पुढे कापसाचा स्वतंत्र व्यापार करू लागले. मालाची किंमत, जहाजाचे भाडे, विमा आणि नफा यांचे हिशेब त्यांच्या रोजच्या हाताखालचे होते. त्यांचा युक्तिवाद व्यापाऱ्याला सहज पटावा असाच होता. शंभर रुपयांचा माल बाहेर पाठविला तर त्याच्या मोबदल्यात शंभर रुपये आणि वर नफा परत यावयास हवा. एरवी व्यापार करावयाचाच कशाला? म्हणजे स्वतंत्र देशाच्या वहीत, सामान्यतः आणि कर्जाचा व्यवहार वगळता, येणे जाण्याहून थोडे अधिकच दिसले पाहिजे. हिंदुस्थानच्या वहीत मात्र नफा तर नाहीच, मुद्दलही पुरते परत येत नव्हते. १८६७ साली लंडनच्या ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे आणि १८७६ साली तिच्या मुंबई शाखेपुढे वाचलेल्या निबंधांत त्यांनी हा हिशेब मांडला. आर्थिक निःसारणाचा सिद्धांत म्हणून पुढे जो गाजला, तो हाच.

मग उरलेले पैसे जात कोठे? याचे उत्तर एका चतुर व्यवस्थेत होते. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याला मुंबईचा कापूस घ्यावयाचा असेल तर त्याला रुपये हवेत. भारतमंत्र्यांच्या वतीने बँक ऑफ इंग्लंडमध्ये दर बुधवारी हिंदुस्थानच्या खजिन्यांवरील हुंड्या विकल्या जात. त्यांना कौन्सिल बिले म्हणत. व्यापारी लंडनला पौंड भरी, हुंडी मुंबईला पाठवी, आणि मुंबईची सरकारी तिजोरी तिच्यावर रुपये मोजून देई. हे रुपये शेतसाऱ्याचे, मिठावरील कराचे. म्हणजे खानदेशच्या कुणब्याला कापसाचे जे पैसे मिळत, ते त्याने आणि त्याच्यासारख्यांनीच सरकारात भरलेले असत! पौंड लंडनलाच राहत. त्यांतून निवृत्त अधिकाऱ्यांची पेन्शने, रेल्वे कंपन्यांना हमी दिलेले व्याज, लष्करी सामान आणि इंडिया ऑफिसमधील कारकुनांचे पगारसुद्धा भागविले जात. पीक बाजारात आले की हुंड्यांना मागणी वाढे, पावसाळा लागला की ती मंदावे. इंग्लंडमधील सरकारी देणे असे इथल्या ऋतुमानाशी जोडले गेले होते.

चांदीचा भाव उतरू लागल्यावर हे ओझे आणखी वाढले. १८७० च्या सुमारास एका पौंडाला दहा-साडेदहा रुपये पडत. १८९२-९३ मध्ये तोच पौंड सोळा रुपयांना पडू लागला. देणे पौंडांत आणि वसुली रुपयांत, तेव्हा तेवढीच रक्कम भागविण्यासाठी अधिक रुपये गोळा करणे भाग पडे. अखेर १८९३ साली टाकसाळी खासगी चांदीला बंद करण्यात आल्या.

दादाभाईंचे सारेच म्हणणे त्यांच्या समकालीनांना मान्य होते असे नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९० साली पुण्याच्या औद्योगिक परिषदेत सांगितले की, या रकमेतला काही भाग घेतलेल्या भांडवलाचे व्याज आहे, आणि सारे लक्ष तिच्यावरच खिळवून उद्योगधंद्यांचा प्रश्न मागे टाकू नये. ही दुरुस्ती रास्त होती. रेल्वेचे व्याज आणि परक्या सत्तेची पेन्शने एकाच मापाने मोजता येत नाहीत. तरीसुद्धा कर्ज किती काढावे आणि पेन्शन कोणाला द्यावे हे ठरविण्याचा अधिकार कर भरणाऱ्याला नव्हता, हा दादाभाईंचा मूळ मुद्दा त्याने ढळत नाही. १८९७ साली गोखल्यांनी वेल्बी आयोगापुढे साक्ष दिली तीत हीच बाजू आकड्यांनिशी आली. ते आकडे तयार करण्यात गणेश व्यंकटेश जोशी या शाळेच्या मुख्याध्यापकाचा मोठा वाटा होता. ज्या आयोगापुढे ही साक्ष झाली, त्याचे दादाभाई स्वतः सभासद होते.

दुसऱ्या महायुद्धाने हे पारडे फिरविले. इंग्लंडला पुरविलेला माल आणि सेवा यांपोटी १९४६ पर्यंत हिंदुस्थानचेच सुमारे १,७०० कोटी रुपये लंडनमध्ये साठले. तेही उपासमार आणि महागाई सोसून. १९४३ चा बंगालचा दुष्काळ याच काळातला. स्वातंत्र्यानंतर धान्य आणि यंत्रे यांच्या आयातीत ही शिल्लक आटली. तेव्हापासून मालाच्या व्यापारात निर्यात आयातीहून अधिक ठरली ती केवळ दोन वर्षी, १९७२-७३ आणि १९७६-७७ मध्ये. १९९१ साली तर सोने परदेशी गहाण ठेवण्याची पाळी आली.

आजची वही दादाभाईंच्या काळच्या वहीच्या नेमकी उलट आहे. तेव्हा मालात आधिक्य होते आणि अदृश्य खात्यातून पैसा बाहेर जाई. २०२३-२४ मध्ये मालाच्या व्यापारात सुमारे २४० अब्ज डॉलरची तूट होती, पण संगणकीय व इतर सेवांच्या खात्यात सुमारे १६० अब्ज डॉलरचे आधिक्य होते. शिवाय परदेशी कष्ट करणाऱ्यांनी घरी पाठविलेला पैसा निराळाच.

एका महिन्याच्या आकड्यावर किती भिस्त ठेवावी, हा वेगळा प्रश्न. नोव्हेंबर २०२४ मध्ये सोन्याची आयात १४.८ अब्ज डॉलर झाल्याचे जाहीर होऊन मोठी खळबळ उडाली. पुढे तो आकडा सुमारे ५ अब्ज डॉलरनी खाली आणावा लागला. सोन्याला निदान जकात-कचेरीतून यावे लागते. सेवांना तीही वाट नाही. त्यांचा ताज्या महिन्याचा आकडा अंदाजानेच छापला जातो आणि रिझर्व्ह बँकेची माहिती आल्यावर मागाहून सुधारला जातो.