मक्याविना कॉर्नहोल

कॉर्नहोल या अमेरिकी खेळाच्या नावातच कॉर्न, म्हणजे मका आहे. पण आज मोठ्या स्पर्धांत फेकल्या जाणाऱ्या पिशवीत मक्याचा दाणा सापडत नाही. आत असतात प्लॅस्टिकच्या बारीक गोळ्या. मका गेला कुठे, हे शोधत गेलो तेव्हा मला वाटलं, या खेळाचा खरा इतिहास फळीत नाही, पिशवीत आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एकमेकींपासून २७ फुटांवर दोन उतरत्या फळ्या. प्रत्येक ४ फूट लांब, २ फूट रुंद आणि वरच्या बाजूला ६ इंच व्यासाचं भोक. प्रत्येकाला चार पिशव्या. पिशवी फळीवर राहिली तर १ गुण, भोकात गेली तर ३. एका फेरीतले दोघांचे गुण एकमेकांतून वजा होतात आणि आधी २१ गाठेल तो जिंकतो.

याच्या जन्माच्या गोष्टी भरपूर आहेत. कुणी चौदाव्या शतकातल्या जर्मन शेतकऱ्याचं नाव घेतं, कुणी अमेरिकेतल्या मूलनिवासींचं. पुरावा कशालाच नाही. कागदावर भेटतो तो १८८३ साल. त्या वर्षी हेलिगर डी विंड्ट यांनी ‘पार्लर क्वॉइट्स’ नावाच्या खेळाचं पेटंट घेतलं. क्वॉइट्स म्हणजे जड कड्या खुंटीवर फेकायचा जुना खेळ. तो दिवाणखान्यात खेळला तर फरशीचं आणि फर्निचरचं काही खरं नाही. म्हणून त्यांनी कड्यांऐवजी पिशव्या आणल्या आणि खुंटीऐवजी भोक असलेली तिरकी फळी. भोक तेव्हा चौकोनी होतं. पुढे हाच खेळ ‘फाबा बागा’ या नावाने बाजारात आला. फाबा हा एका शेंगेच्या दाण्याचा लॅटिन शब्द. म्हणजे सुरुवातीच्या नावातही धान्य होतंच!

१९७४ मध्ये ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ मासिकाने अशी फळी घरी कशी बनवायची ते छापलं. नंतरच्या दशकांत ओहायोतल्या सिनसिनाटी शहराच्या आसपास हा खेळ घराघरांत पोचला. हा मक्याचा मुलूख. जनावरांना घालायचा वाळका मका स्वस्त आणि हाताशी. जाड सुती कापड घ्यायचं, मका भरायचा, शिवून टाकायचं. पैसे देऊन विकत घेण्यासारखं त्यात काही नव्हतं. मला हा टप्पा सगळ्यात आवडतो.

पण धान्याचं दुखणं आपल्याकडे वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात डब्यातल्या डाळीचं होतं तेच मक्याचं. ओल लागली की बुरशी, नाहीतर सोंडे, आणि माळ्यावर ठेवला तर उंदीर. शिवाय पिशवी आपटून आपटून दाण्यांचं पीठ होतं. ते कापडातून झिरपतं, फळीवर पसरतं आणि पिशवी आधीपेक्षा जास्त घसरू लागते. म्हणजे दुपारी जमलेली फेक संध्याकाळी जमत नाही. गंमत म्हणून खेळताना हे चालतं. बक्षिसाची रक्कम लागली की चालत नाही. २०१५ मध्ये ‘अमेरिकन कॉर्नहोल लीग’ सुरू झाली, सामने टीव्हीवर दिसू लागले. अशा खेळात मक्याला जागा उरली नाही. पिशवीच्या दोन बाजूही वेगळ्या झाल्या: एक खरखरीत, फळीवर थांबणारी, दुसरी गुळगुळीत, सरकणारी.

आता जरा भूमिती. पिशवी ६ इंच बाजूची चौकोनी, भोक ६ इंच व्यासाचं गोल. ताठ पिशवी सपाट सरकत आली तर तिचे कोपरे भोकाच्या काठावर अडकणार. आत जायचं तर तिला दुमडावं लागतं. म्हणून मऊ पिशवीची किंमत मोठी आणि किंचित लहान पिशवीचा मोह त्याहून मोठा. ऑगस्ट २०२२ मध्ये लीगच्या जागतिक स्पर्धेत एका जोडीच्या पिशव्या लहान असल्याची तक्रार झाली. मोजल्यावर त्या खरंच नियमाबाहेर निघाल्या. मग तक्रार करणाऱ्यांच्या पिशव्या मोजल्या, त्याही नियमाबाहेरच! हे मुद्दाम केलेलं नाही असं ठरवून सामना पुढे खेळवला गेला. लोक हसले. मला मात्र यात हसण्यासारखं कमी दिसतं. जिथे अर्ध्या इंचाने निकाल फिरू शकतो, तिथे मोजपट्टी सामन्याआधीच बाहेर यायला हवी.

मग चांगली पिशवी कोणती? माझ्या मते आठही पिशव्या सारख्या असणं ही पहिली अट. स्वयंपाकघरातल्या काट्यावर प्रत्येक पिशवी ठेवून बघा: वजन साधारण ४२५ ते ४५५ ग्रॅमच्या आत हवं, आणि एकमेकींत फरक शक्य तितका कमी. मग शिवण ओढून बघा, दुहेरी टीप हवी. शेवटी पिशवी भोकाच्या तोंडावर ठेवून मधोमध बोटाने दाबा. ती दुमडून आत गेली पाहिजे.

लीगचा शिक्का असलेल्या पिशव्या या कसोट्यांना उतरतात, पण त्यांचे पैसे मोजावे लागतात. मित्रांसोबत खेळायला घरी शिवलेल्या मक्याच्या पिशव्याही पुरतात. दोघांच्या पिशव्या एकाच दिवशी, एकाच पोत्यातून भरा आणि सामना संपला की कोरड्या डब्यात ठेवा, झाकण घट्ट लावून.