परवानगी न मागता मिळालेली रात्र

नागपंचमीला चुलीवर तवा चढत नाही. विळी उभी करून ठेवायची, चिरायचं नाही, कापायचं नाही, तळायचं नाही. पुरणाची दिंडं वाफेवर उकडली की स्वयंपाक संपला. शेतातला नांगरही त्या दिवशी उभा. नांगराच्या फाळाखाली नागाची पिल्लं गेल्याची कहाणी यामागचं कारण म्हणून सांगतात. पण त्या नियमाचा खरा लाभ मिळाला तो घरातल्या बाईला. हातातलं काम देवानंच काढून घेतल्यावर तिला अडवणार कोण? झाडाला दोर बांधलेला असायचा, माहेरवाशिणी आलेल्या असायच्या, झोका आभाळाला टेकेपर्यंत चढायचा.

सासूबाई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळल्या त्या काळात मी या जुन्या रीतींकडे नव्यानं बघायला लागले. भेटायला येणारे सगळे निघताना मला सांगायचे, "स्वतःसाठी थोडा वेळ काढत जा." सल्ला प्रेमाचाच होता. पण कूस बदलायची वेळ, औषधाची वेळ, पेजेची वेळ यांच्यामधून वेळ काढायचा म्हणजे कुणापुढे तरी तोंड उघडायचं, आणि मागणाऱ्या बाईला आधी अपराधी वाटतं. आमच्या आज्या-पणज्यांवर सेवेचं ओझं माझ्यापेक्षा कितीतरी जास्त होतं. बाळंतिणी, तान्ही मुलं, दमेकरी सासरे, सगळं एकाच छपराखाली. त्यांना विसावा मिळाला तो मागून नव्हे. तो पंचांगात लिहिलेला होता.

मंगळागौरच घ्या. लग्नानंतरची पाच वर्षं, श्रावणातले मंगळवार. सकाळी पूजा, दुपारी सवाष्णींचं जेवण, आणि रात्री जागरण. हे जागरण व्रताचा भाग, म्हणून ते टाळता येत नसे, आणि सासूलाही अडवता येत नसे. एरवी ज्या सुनेचा आवाज माजघराबाहेर ऐकू येत नसे ती त्या रात्री पदर खोचून फुगडी घालायची, पिंगा घालायची, झिम्मा खेळायची, 'अठूडं केलं गठुडं' म्हणत गडबडा लोळायची. सासू-सुनेच्या भांडणाचा खेळ तर सासूच्या समोरच व्हायचा, आणि वर्षभर गिळलेलं सगळं गाण्यात बाहेर यायचं. वाकून, बसून, चवड्यांवर उड्या मारून दिवसभर आखडलेलं अंग सुटायचं. मी स्वतः हे खेळ खेळले आहे. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या ठणकतात, पण डोकं अगदी हलकं होतं.

गोव्यात पौषात धालो. रात्री घरचं आवरून बायका मांडावर जमतात, समोरासमोर रांगा करून गातात, पुढेमागे झुलतात, आणि हे काही रात्री चालतं. पुरुषांना तिथं खेळायला जागा नाही. कोकणात गौरी-गणपतीच्या रात्री फुगड्यांनी जागतात. घाटावर आश्विनात हस्त नक्षत्र लागलं की पाटावर हत्ती काढून मुलींचा भोंडला, विदर्भ-खानदेशात भुलाबाई. गाव बदलतं, महिना बदलतो, पण बायकांना एकत्र येण्यासाठी राखलेली वेळ सगळीकडे सापडते.

मात्र या चित्रातून एक बाई गाळलेली होती, आणि ते मला फार लागतं. घरातलं सर्वांत जड सेवेचं काम बहुधा विधवेच्या वाट्याला यायचं. बाळंतिणीची न्हाणी, म्हाताऱ्यांचं मलमूत्र, रात्रीची जागरणं, सगळं तिचं. आणि मंगळागौरीत, हळदीकुंकवात मात्र तिला जागा नाही. जी सर्वांत जास्त थकायची तिलाच सण नव्हता. तिच्यासाठी उरायचं देवळातलं कीर्तन, दुपारचं पुराण, काकडआरती. पुण्यात १९०९ साली सेवासदन उभं राहिलं, स्वतः विधवा असलेल्या रमाबाई रानड्यांनी ते वाढवलं, आणि तिथल्या बायका परिचारिकेचं शिक्षण घेऊ लागल्या. घरात जे काम फुकट आणि अखंड चालायचं त्याला पगार आला, आणि त्या कामाला संपण्याची वेळ आली. या दुसऱ्या गोष्टीचं मोल मला पहिलीपेक्षा कमी वाटत नाही.

विधवेला आणि सवाष्णीला सारखीच खुली राहिली ती वारी. माझं माहेर फलटणकडचं, माउलींची पालखी आमच्याच वाटेनं जाते. लोणंदच्या पुढं चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण होतं. घोडे धावून गेले की मोकळ्या जागेत बायका फेर धरतात. पांढऱ्या केसांच्या, नऊवारीचा काष्टा आवळलेल्या बायका एकमेकींचे हात धरून फुगडीत अशा फिरतात की बघणाऱ्याला भोवळ यावी. एकीला मी विचारलं, घरी कोण आहे? ती म्हणाली, "धाकटी सून हाय. म्हाताऱ्याचं ती बघतीया. फुडल्या साली ती यील, म्या ऱ्हाईन."

किती साधी व्यवस्था! अनेक घरांत वारी अशी पाळीनं चालते; जाणारीनं मागं वळून बघायचं नाही, राहणारीनं तोंड वाकडं करायचं नाही.

आता एकत्र घरं राहिली नाहीत, आणि पाळी घ्यायला जाऊ नाही. शहरात सेवा करते ती ब्यूरोतून आलेली मावशी, बारा-बारा तासांच्या पाळीनं. तिच्या पंचांगात कोणता सण लिहिला आहे हे मी तिला विचारलं, तर वारी. नवरा गेल्यापासून जायचं मनात होतं, पण दिवस भरले नाहीत तर पैसे कापले जातात. मग ते पैसे आम्ही घरातून दिले, नणंदेला बोलावून घेतलं, आणि मावशी आळंदीला गेली. पंढरपूरहून परतल्यावर तिनं सासूबाईंच्या कपाळाला बुक्का लावला आणि मला म्हणाली, "आता तुम्ही जायचं. किती दिवस जाताय ते आत्ताच सांगा."