मुंडकार आणि राखणदार : परदेशस्थ मालकाचे गोव्यातील घर

मालक दूरदेशी आणि घर दुसऱ्याच्या हाती, ही स्थिती गोव्याच्या सामाजिक इतिहासात अपवादात्मक नाही. पोर्तुगीज राजवटीच्या उत्तरकाळात मुंबई, कराची, पूर्व आफ्रिका व लिस्बन येथे गेलेल्या अनेक कुटुंबांची घरे मागे राहिली. ती आप्ताच्या, शेजाऱ्याच्या वा जुन्या चाकराच्या हवाली केली जात. हा व्यवहार पुष्कळदा तोंडी असे. आणि त्यातील धोक्याचे मूळ राखणदाराच्या अप्रामाणिकपणापेक्षा या अलिखितपणात अधिक आहे.

भाट म्हणजे माडांची बागायत. तिचा धनी तो भाटकार. त्याच्या संमतीने त्याच्या जमिनीत घर करून राहणारा तो मुंडकार. तो बहुधा भूमिहीन असे. वास्तव्याच्या मोबदल्यात माडांची राखण व पडेल ते काम त्याच्याकडे येई. भाटकाराची मर्जी फिरली की छप्पर जाई. १९६१ साली पोर्तुगीज सत्ता संपुष्टात आल्यावर, १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याने त्याला निष्कासनापासून संरक्षण व राहते घर विकत घेण्याचा हक्क दिला. हा न्याय फार उशिरा झाला, असेच म्हणावे लागते.

मात्र याच कायद्याने, दुसऱ्याच्या घरात किंवा त्याच्या आवारातील उपगृहात केवळ देखभालीसाठी राहणाऱ्यास मुंडकाराच्या व्याख्येतून वगळले. राखण दोघांचीही, हक्क मात्र एकालाच. कागदावर हा भेद स्पष्ट आहे. परंतु तीस वर्षांनंतर, राखणदाराने उपगृहाच्या भिंती स्वतः पुन्हा उभारल्या असतील, वेतनाची एकही पावती नसेल आणि मूळ बोलणे ऐकणारे हयात नसतील, तर तो सिद्ध कसा करावयाचा? मराठीत ‘राखणे’ या क्रियापदाचे रक्षण करणे आणि स्वतःजवळ ठेवणे असे दोन्ही अर्थ होतात. पहिल्यातून दुसऱ्याकडे होणारा प्रवास अनेकदा कोणाच्याही लक्षात न येता घडतो.

गोव्यातील एका घरावरून भावाबहिणीत चाललेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली निर्णय दिला, की राखणदार, पहारेकरी वा नोकर यांचा ताबा कितीही दीर्घ असला तरी त्यातून मालमत्तेत हितसंबंध निर्माण होत नाही. तत्त्व निःसंदिग्ध झाले; तथापि वास्तव्य नेमके कोणत्या नात्याने होते, हे पुराव्यानेच ठरावयाचे. शिवाय धोका घरातूनच येतो असेही नाही. बनावट दस्तऐवजांनी जमिनी बळकावल्याच्या प्रकरणांसाठी गोवा शासनाला २०२२ साली विशेष तपास पथक नेमावे लागले. अशा प्रसंगी घरात राहणारा विश्वासू राखणदारच दूरस्थ मालकाचा पहिला साक्षीदार ठरतो.

म्हणून लेखी करार हा अविश्वासाचा द्योतक मानणे चुकीचे होय. वास्तव्याचा हेतू, वेतन, दुरुस्तीचा खर्च आणि मुदत यांची नोंद मालकाइतकीच राखणदाराचीही ढाल असते. जुन्या मुंडकाराची असहायता आणि आजच्या परदेशस्थ मालकाची चिंता एकाच उणिवेतून उद्भवल्या आहेत : दोघांच्याही हाती शब्द होता, कागद नव्हता.