मेंदूची मोजणी आणि माणसाचे वेगळेपण

पॅरिसच्या तालैराख व तूर्नू यांनी ६० वर्षांच्या एका स्त्रीच्या मेंदूवरून जो नकाशासंग्रह १९८८ साली प्रसिद्ध केला, तो पुढे कित्येक वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांत प्रमाण मानला गेला. आणि एका देहावरून सर्वांची सीमानिश्चिती करण्याच्या त्या प्रघातात, माणसामाणसांतील जो फरक उरेल तो मापनातील दोष होय, ही समजूत कोणी न उच्चारताच दृढ होऊन बसली.

रक्तातील प्राणवायूच्या कमीअधिक प्रमाणाने चुंबकीय अनुस्पंदनाची (एमआरआय) प्रतिमा बदलते, हे सेइजी ओगावा यांनी १९९० साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत दाखविले, आणि दोनच वर्षांत जिवंत, जागृत माणसाच्या मेंदूचे व्यापार एमआरआय यंत्रातून पाहता येऊ लागले. तरीही हिशेब सरासरीचाच राहिला: काही जणांच्या प्रतिमा एका साच्यात बसवायच्या, त्यांची बेरीज करायची आणि व्यक्तीव्यक्तींतील तफावत खर्ची टाकायची. १९९५ साली मिल्वॉकी येथे भरत बिस्वाल व त्यांचे सहकारी यांनी, स्वस्थ पडून राहिलेल्या माणसाच्या मेंदूतही डाव्याउजव्या बाजूंच्या चालक क्षेत्रांतील मंद चढउतार एकमेकांशी मेळ राखतात, असे सिद्ध केले, तेव्हा निरर्थक कोलाहल म्हणून वगळला जाणारा ऐवज अभ्यासाचा विषय झाला आणि कार्यात्मक संबद्धतेच्या, म्हणजे मेंदूच्या भागाभागांतील अशा मेळाच्या, शास्त्राचा पाया घातला गेला.

व्यक्तीला त्या शास्त्रात स्थान मिळावयास आणखी दोन दशके जावी लागली. येल विद्यापीठातील एमिली फिन व सहकाऱ्यांनी १२६ जणांच्या मेंदूंचे प्रत्येकी २६८ भाग कल्पून त्या भागांतील संबंधांचा तपशील २०१५ साली मांडला, आणि एका दिवसाच्या विश्रांतावस्थेतील नोंदीवरून दुसऱ्या दिवशीच्या नोंदींतून तोच माणूस शंभरात नव्वदांहून अधिक वेळा ओळखून काढला. ही ओळख सर्वांत ठळकपणे पटली ती ललाट व पार्श्व भागांना जोडणाऱ्या जाळ्यांवरून, म्हणजे विचार व निर्णय यांच्याशी निगडित प्रदेशांवरून.

परंतु ओळख पटणे निराळे आणि स्वभाव उमगणे निराळे. यंत्रात डोके किंचित हलले तरी संबद्धतेचा खोटा आभास निर्माण होतो, हे २०१२ सालीच अनेकांनी दाखवून दिले होते. शिवाय अल्प वेळेच्या नोंदीवरून एका माणसाविषयी खात्रीने बोलता येत नाही. यास्तव सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील एका मंडळाने १० जणांना मध्यरात्रीपासून यंत्रात निजवून प्रत्येकाची विश्रांतावस्थेतील ५ तासांची नोंद जमविली आणि २०१७ साली ती प्रसिद्ध केली. एरवी ५-१० मिनिटांवर समाधान मानणाऱ्या या शास्त्रात तो सबुरीचा नवा दाखला होता. त्याच विद्यापीठातून २०२२ साली सुमारे ५०,००० जणांच्या नोंदी तपासून निघालेला निष्कर्ष असा की, मेंदूच्या रचनेचा वा संबद्धतेचा बुद्धीशी वा वर्तनाशी जोडला जाणारा संबंध बहुधा क्षीण असतो, आणि तो विश्वासार्हपणे सांगण्यास हजारो माणसे लागतात.

मेंदूच्या अल्पशा नोंदीवरून एखाद्या मुलाची पात्रता वा एखाद्या रुग्णाचे भवितव्य ठरविण्याचा मोह यापुढच्या काळात वाढत जाणार आहे. अशा प्रसंगी ज्यांच्या हाती निर्णय असेल, त्यांनी हा इतिहास जाणून घ्यावा. कारण ज्या शास्त्राने व्यक्तीला सरासरीच्या दप्तरातून मोठ्या कष्टाने बाहेर काढले, त्याच शास्त्राच्या नावाने तिला घाईने एखाद्या रकान्यात कोंबणे हा त्या कष्टांचा अवमान ठरेल.