न्यायाधीश सिवॉल यांच्या घरचा मृत्यू
आता बॉस्टनच्या सॅम्युएल सिवॉलकडे वळू. १६९६ च्या डिसेंबरात त्याची दोन वर्षांची सारा गेली. २५ तारखेला दफन. प्युरिटन लोक नाताळ पाळत नसत, त्यामुळे दिवस एरवीसारखाच. त्या दुपारी हा गृहस्थ घराण्याच्या थडग्यात उतरला, आपल्या सहा मुलांच्या शवपेट्या पाहिल्या, आणि रोजनिशीत लिहितो की हे भयंकर, तरी सुखदही वाटलं! विचित्र वाटतं ना? पण त्याच्या लेखी घरातला मृत्यू म्हणजे ईश्वराने धाडलेला निरोप. कशाबद्दलचा? सेलमच्या चेटूक-खटल्यांत १९ जण फासावर गेले, त्या न्यायासनावर हा बसला होता. आदल्याच दिवशी मुलाने बायबलमधला उतारा लॅटिनमध्ये म्हणून दाखवला, त्यात निरपराधांना दोषी ठरवल्याचं वचन आलं. याला सेलम आठवलं. १४ जानेवारी १६९७ ला भर चर्चमध्ये तो उभा राहिला. पाद्र्याने त्याची कबुली वाचेपर्यंत उभाच होता.