खाजगी मालमत्ता आणि सर्वंकष सत्ता : जर्मनीचा अनुभव (१९३०–१९३९)

अर्थव्यवस्थेच्या स्वरूपावरून शासनाचे स्वरूप ठरते, हे विधान विसाव्या शतकाच्या चौथ्या आणि पाचव्या दशकांत दोन परस्परविरोधी गोटांतून सारख्याच आत्मविश्वासाने मांडले गेले. कम्युनिस्ट इंटरनॅशनलच्या १९३५ च्या सातव्या अधिवेशनात दिमित्रोवने फॅसिझम म्हणजे वित्तभांडवलाच्या अत्यंत प्रतिगामी गटांची उघड दहशतशाही, अशी व्याख्या केली. पुढे १९४४ मध्ये फ्रीड्रिख हायेक याने ‘दि रोड टु सर्फडम’ या ग्रंथात नेमका उलट सिद्धांत मांडला. बाजारपेठेचे स्वातंत्र्य संपवून मध्यवर्ती नियोजनाचा मार्ग धरला की लोकशाहीचाही अंत ओढवतो, हे त्याचे प्रतिपादन. दोघांचाही प्रमुख दाखला जर्मनीचाच होता. एकाच देशाचा इतिहास दोन विरुद्ध सिद्धांतांचा पुरावा म्हणून पुढे येतो, तेव्हा सिद्धांत बाजूस ठेवून घटनांचा क्रम पाहणे श्रेयस्कर.

हा क्रम एका किरकोळ वाटणाऱ्या वादापासून सुरू होतो. १९२७ च्या कायद्याने जर्मनीत बेकारी विम्याची योजना लागू झाली होती. मंदीची झळ लागताच तिचा निधी अपुरा पडू लागला आणि कामगार व मालक यांच्याकडून घेतली जाणारी वर्गणी वेतनाच्या साडेतीन टक्क्यांवरून चार टक्के करावी की नाही, या प्रश्नावर हेर्मान म्यूलर यांचे संयुक्त मंत्रिमंडळ फुटले. उद्योगपतींचा कैवार घेणाऱ्या पक्षाला वर्गणीतील वाढ नको होती आणि कामगार संघटनांना भत्त्यातील कपात मान्य नव्हती. २७ मार्च १९३० रोजी म्यूलर यांनी राजीनामा दिला. संसदेतील बहुमताच्या आधारावर उभे असलेले वायमार प्रजासत्ताकाचे हे अखेरचे सरकार. अर्ध्या टक्क्यापायी प्रजासत्ताक बुडाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु वर्गहितांतील तडजोड घडवून आणण्याची संसदेची शक्ती त्या दिवशी संपली होती, एवढे निश्चित म्हणता येते.

म्यूलर यांच्यानंतर आलेले हाइनरिख ब्र्यूनिंग यांनी राज्यघटनेच्या ४८ व्या कलमाचा आधार घेऊन राष्ट्राध्यक्षांच्या वटहुकूमांनी कारभार हाकला. संसदेने १९३० मध्ये ९८ कायदे केले होते. १९३१ मध्ये ही संख्या ३४ वर आली आणि १९३२ मध्ये अवघ्या ५ वर. म्हणजे हिटलर सत्तेवर येण्यापूर्वीच विधिमंडळ जवळजवळ निकामी झाले होते. ब्र्यूनिंग यांचे आर्थिक धोरण चलनसंकोचाचे होते. खर्चात कपात, करांत वाढ आणि वेतनांत घट ही त्याची अंगे. जुलै १९३१ मध्ये डानाट बँक कोसळल्यावरही या धोरणात पालट झाला नाही. ८ डिसेंबर १९३१ च्या वटहुकूमाने सर्व वेतने १० जानेवारी १९२७ च्या पातळीवर आणली गेली, आणि त्याबरोबर किमती व भाडीही सक्तीने उतरवण्यात आली. करारांत एवढा खोल हस्तक्षेप करणारे हे शासन समाजवादी नव्हते, ही गोष्ट नजरेआड होऊ नये. १९३२ च्या आरंभी नोंदलेल्या बेकारांची संख्या ६० लाखांवर गेली. १९२८ मध्ये १२ जागा मिळवणाऱ्या नाझी पक्षाला सप्टेंबर १९३० मध्ये १०७ आणि जुलै १९३२ मध्ये २३० जागा मिळाल्या.

ब्र्यूनिंग यांना दुसरा मार्ग उपलब्ध होता काय, या प्रश्नावर १९७९ मध्ये क्नूट बोर्खार्ट यांनी नकारार्थी उत्तर दिले आणि त्यातून एक दीर्घ वाद उभा राहिला. परकीय कर्ज मिळण्याची आशा नव्हती, युद्धखंडणीचे करार चलनाचे मूल्य उतरवू देत नव्हते आणि १९२३ च्या भयंकर चलनवाढीची स्मृती ताजी होती, हे त्यांचे मुद्दे वजनदार आहेत. तथापि आर्थिक मार्ग अरुंद होता हे मान्य केले, तरी त्या मार्गाने जाताना संसदेला वगळणे अपरिहार्य होते, हे त्यातून सिद्ध होत नाही. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांच्या भोवतालच्या मंडळींना संसद नकोशी झाली होती. मंदीने त्यांना निमित्त पुरवले.

बड्या उद्योगपतींनी हिटलरला विकत घेऊन गादीवर बसवले, ही समजूतही तपासून घ्यावी लागते. हेन्री टर्नर यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखवून दिले की, १९३३ पूर्वी फ्रिट्झ ट्यूसनसारखे काही अपवाद वगळता मोठ्या भांडवलाचा पैसा प्रामुख्याने अन्य उजव्या पक्षांकडे जात होता. नाझी पक्षाचा खर्च बव्हंशी सभासदांच्या वर्गण्या आणि सभांची प्रवेशमूल्ये यांतून निघत असे. सत्ता हाती आल्यावर मात्र चित्र पालटले. २० फेब्रुवारी १९३३ रोजी गोअरिंगच्या निवासस्थानी सुमारे पंचवीस उद्योगपतींची बैठक झाली. लोकशाहीच्या युगात खाजगी उद्योग टिकून राहणे शक्य नाही, असे हिटलरने तेथे बजावले. ५ मार्चची निवडणूक दीर्घकाळातली शेवटची ठरेल, असे गोअरिंगने सूचित केले आणि शाख्ट यांनी ३० लाख मार्कांची मागणी पुढे ठेवली. मालमत्ता आणि लोकशाही यांचे हितसंबंध परस्परविरोधी आहेत, हे प्रमेय त्या दिवशी मालमत्ताधारकांसमोर उघडपणे मांडले गेले. आणि त्यांपैकी कोणी ते नाकारल्याची नोंद नाही.

पुढील घटना वेगाने घडल्या. २८ फेब्रुवारीच्या वटहुकूमाने नागरिकांचे मूलभूत हक्क तहकूब झाले आणि २३ मार्चच्या अधिकारदान कायद्याने संसदेने आपली सत्ता सोडून दिली. त्या वेळी विरोधी मत देणारे ९४ जण सर्व समाजवादी लोकशाही पक्षाचे होते. २ मे रोजी कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेण्यात आल्या. २० जानेवारी १९३४ च्या कायद्याने कारखान्याचा मालक ‘नेता’ ठरला, तर कामगार ‘अनुयायी’ ठरले. वेतन ठरवण्याचा अधिकार सरकारनियुक्त विश्वस्तांकडे गेला आणि त्यांनी ते मंदीतील पातळीच्या आसपास रोखून धरले. संपाचा मार्ग बंद झाला. १९३५ पासून कामगाराच्या नोकरीची नोंद ठेवणारी पुस्तिका सक्तीची करण्यात आली. कारखान्यांतील सल्लागार मंडळांसाठी १९३४ व १९३५ मध्ये मतदान घेण्यात आले. त्यानंतर ते कधीच झाले नाही.

मालमत्तेचे काय झाले? तिचे सार्वत्रिक राष्ट्रीयीकरण झाले नाही; उलट १९३१ च्या संकटात सरकारने घेतलेले मोठ्या बँकांचे भाग १९३६–३७ पर्यंत पुन्हा खाजगी हाती सोपवले गेले. परंतु विमाने बांधणारे हूगो युंकर्स यांना १९३३ मध्येच राजद्रोहाच्या खटल्याची भीती घालून एकस्वाधिकार व बहुसंख्य भाग सोडून देण्यास भाग पाडण्यात आले. ऑगस्ट १९३६ च्या टिपणात हिटलरने चार वर्षांत सैन्य लढाईस आणि अर्थव्यवस्था युद्धास सिद्ध झालीच पाहिजे असे बजावले. हे काम खाजगी उद्योगाला झेपत नसेल तर राज्य ते करील, असेही त्यात होते. त्यातून निघालेल्या चतुर्वार्षिक योजनेची सूत्रे गोअरिंगकडे आली. १९३७ मध्ये झाल्ट्सगिटर येथील हलक्या प्रतीच्या खनिजावर सरकारी पोलाद कारखाना काढण्याचे ठरले, तेव्हा रूर खोऱ्यातील पोलादसम्राटांनी विरोधाची तयारी केली होती. धमकीच्या सुरातील इशारा मिळताच ती मावळली. पहिल्या पैसेवाल्या पाठीराख्यांपैकी असलेला ट्यूसन १९३९ मध्ये देश सोडून गेला आणि त्याची मालमत्ता जप्त झाली.

ज्यूंच्या बाबतीत तर मालमत्तेचा हक्क संपूर्णपणे नष्ट करण्यात आला. २६ एप्रिल १९३८ च्या वटहुकूमाने पाच हजार मार्कांवरील मालमत्तेची नोंद त्यांच्यावर सक्तीची झाली आणि १२ नोव्हेंबरच्या आदेशाने व्यापारधंदाच बंद करण्यात आला. त्यांची दुकाने व कारखाने बहुधा ज्यांच्या हाती गेले, ते खाजगी मालकच होते. मालमत्तेची संस्था शाबूत राहिली. तिला कायद्याचे असलेले संरक्षण गेले. न्यायालयात दाद मागता येत नाही अशी मालकी ही हक्क नसून राज्यकर्त्यांची मर्जी असते.

या व्यवस्थेला नाव काय द्यावे, याविषयी निर्वासित जर्मन विद्वानांतच एकमत नव्हते. फ्रीड्रिख पोलॉक यांनी १९४१ मध्ये तिला राज्यभांडवलशाही म्हटले. फ्रान्त्स नॉयमान यांनी ‘बेहेमोथ’ (१९४२) या ग्रंथात ते नाव नाकारले आणि पक्ष, नोकरशाही, सैन्य व बडे उद्योग या चार सत्तागटांची सौदेबाजी तिच्या मुळाशी पाहिली. नॉयमान यांचे विवेचन पुराव्याच्या अधिक जवळ जाते, परंतु १९३६ नंतरचा तोल पक्षाकडे किती झुकला होता हे त्यात पुरेसे उमटत नाही. टिमथी मेसन यांनी १९६६ मध्ये राजकारणाच्या प्राधान्याचा मुद्दा मांडला, तो या त्रुटीवर बोट ठेवणारा होता.

हायेकच्या सिद्धांताची अडचण कालक्रमाची आहे. जर्मनीत स्वातंत्र्य १९३३ मध्ये गेले आणि सर्वव्यापी नियोजन १९३६ मध्ये आले. नियोजनाची मनोवृत्ती बिस्मार्कच्या काळापासून मूळ धरत होती, असे उत्तर हायेकच्या बाजूने देता येते. परंतु मग दोष आर्थिक व्यवस्थेचा न राहता विचारपरंपरेचा ठरतो. स्वीडनचा दाखला येथे उपयुक्त आहे. तेथेही बेकारी तीव्र होती. मे १९३३ मध्ये समाजवादी लोकशाही पक्षाने शेतकरी पक्षाशी सौदा केला : कामगारांसाठी सार्वजनिक बांधकामे आणि शेतकऱ्यांसाठी मालाच्या भावाचे संरक्षण. लोकांनी त्याला उपहासाने ‘गाईंचा सौदा’ म्हटले. म्यूलर यांच्या मंत्रिमंडळाला जे साधले नाही, ते तेथे साधले; आणि संसद कायम राहिली.

हा प्रश्न भारतातही उपस्थित झाला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात मूलभूत उद्योग, विमा आणि शेती राज्याकडे असावी, पण ही व्यवस्था घटनेतच अंतर्भूत करावी, असे सुचवले. हुकूमशाहीवाचून राज्यसमाजवाद आणि संसदीय लोकशाही यांचा मेळ घालण्याचा तो प्रयत्न होता. राज्याचे नियंत्रण हटले की उरणारे स्वातंत्र्य जमीनदाराला खंड वाढवण्याचे आणि भांडवलदाराला कामाचे तास वाढवण्याचे असते, हा त्यांचा युक्तिवाद १९३४ च्या जर्मन कारखान्याकडे पाहताना आठवल्यावाचून राहत नाही. घटनापरिषदेने ती योजना स्वीकारली नाही.

ब्रिटनमध्ये ४ जून १९४५ रोजी प्रचाराच्या भाषणात चर्चिल यांनी समाजवादी सरकारला एखाद्या तऱ्हेचे गेस्टापो बाळगावेच लागेल, असे भाकीत केले. मजूर पक्षाने ती निवडणूक जिंकली. त्यानंतर १९४६ मध्ये बँक ऑफ इंग्लंड, १९४७ मध्ये कोळसाखाणी आणि १९४८ मध्ये रेल्वे राज्याच्या मालकीची झाली. पोलादाचा क्रम १९५१ मध्ये आला. त्याच वर्षी मजूर पक्ष निवडणुकीत हरला आणि चर्चिल पुन्हा पंतप्रधान झाले. १९५३ मध्ये पोलाद उद्योग परत खाजगी मालकीकडे वळवण्याचा कायदा झाला; १९६७ मध्ये त्याचे पुन्हा राष्ट्रीयीकरण झाले आणि १९८८ मध्ये पुन्हा विक्री. चारही वेळा मालकी बदलली ती संसदेत कायदा करून, विरोधी पक्षाचा विरोध ऐकून घेऊन.